पिकअपवर कॅम्पर चढवायचाय? मागच्या सस्पेन्शनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आणि पिकअपच्या हौद्यात बसणारा कॅम्पर घेऊन फिरायचा बेत असलेल्या मराठी मंडळींसाठी हे पान आहे. मागून ओढायच्या ट्रेलरचे नियम वेगळे, त्यात इथे शिरलेलो नाही. वजनं पाउंडांतच दिली आहेत, कारण ट्रकच्या दारावरच्या स्टिकरवर पाउंडांचा आकडा असतो आणि अमेरिकेत काट्याची पावतीही पाउंडांत येते.

माझा ट्रक कॅम्पर पेलेल का, हे कुठे कळतं?

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचं एक स्टिकर असतं. त्यावर माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये, असं वाक्य असतं. तो तुमच्या ट्रकचा पेलोड. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या ट्रकचा, जाहिरातीतला किंवा मेव्हण्याच्या ट्रकचा आकडा इथे उपयोगाचा नाही. डिझेल इंजिन, सनरूफ, फोर व्हील ड्राइव्ह, चामड्याच्या सीट, जे जे जास्तीचं घेतलं असेल ते पेलोडमधून वजा होतं. म्हणून एकाच वर्षाच्या दोन फोर्ड एफ-१५० मध्ये काहीशे पाउंडांचा फरक सहज पडतो.

शेजारी दुसरं स्टिकर असतं. त्यावर गाडीचं भारासकट कमाल एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलची वेगवेगळी मर्यादा लिहिलेली असते. कॅम्परच्या बाबतीत मागच्या ॲक्सलचा आकडा फार कामाचा आहे. दोन्ही स्टिकरांचे फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि कॅम्परच्या डीलरकडे जाताना सोबत न्या. "हाफ टन (एफ-१५० सारख्या) ट्रकवर आरामात बसतो हो," असं सांगणारा विक्रेता तुमच्या दाराचं स्टिकर वाचत नसतो.

कॅम्परचं वजन माहितीपत्रकात दिलेलंच आहे. मग प्रश्न कुठे येतो?

ते कोरडं वजन असतं. पाणी, गॅस, बॅटऱ्या, भांडीकुंडी आणि घरची माणसं त्यात धरलेली नसतात. एक हिशेब मांडून बघू. समजा एफ-२५० पेट्रोल आहे, कमाल एकूण वजन १०,००० पाउंड आणि पेलोड ३,०५० पाउंड. कॅम्पर कोरडा २,१५० पाउंडांचा. वरवर बघता ९०० पाउंड शिल्लक, खूश होण्यासारखं.

आता पाणी ३० गॅलन. एक गॅलन पाणी ८.३४ पाउंडांचं, म्हणजे २५० झाले. गॅसचे दोन छोटे सिलिंडर, भरलेले, मिळून ७५. दोन बॅटऱ्या १२०. कॅम्पर बांधायचे हुक, टर्नबकल (फिरवून आवळायचे पेचदार ताण) आणि खालची रबरी चटई मिळून १५०. कपडे, अंथरुणं, खाणंपिणं ३००. कुकर, पोळपाट, तांदळाची २० पाउंडांची पिशवी आणि फराळाचे डबे धरले तर हा आकडा जास्त नाही. नवरा-बायको आणि दोन मुलं ४५०. बेरीज ३,४९५. म्हणजे ४४५ पाउंड जास्त, आणि अजून कुत्रा, सायकली, छतावरचा एसी काहीच मोजलेलं नाही. उन्हाळ्यात देशातून आई-बाबा येणार असतील तर ते वेगळे.

कोरड्या वजनात निदान हजार पाउंड मिळवून मगच पेलोडशी तुलना करा. कुटुंब मोठं असेल तर तेराशे-चौदाशे धरा.

एअरबॅग लावली की पेलोड वाढतो ना?

नाही. या पानावरचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

एअरबॅग (मागच्या ॲक्सलवर बसणारे हवेचे रबरी फुगे), जादा पाटा (मागच्या कमानीतली पोलादी पट्टी), रबरी हेल्पर, यांतलं काहीही लावलं तरी दारावरचा आकडा तोच राहतो. त्या आकड्यामागे नुसती स्प्रिंग नसते. ॲक्सल, त्याची बेअरिंगं, ब्रेक, चाकं, टायर, चेसिस, सगळं धरून कंपनीने तो ठरवलेला असतो. खोक्यावर पाच हजार पाउंड लिहिलेलं असतं, ते एअरबॅग किती भार उचलून गाडी समतल करू शकते याबद्दल. उतारावर ती गाडी थांबवायची ब्रेकनेच आहे, आणि ब्रेक जुनेच आहेत.

यावर एक नेहमीचा युक्तिवाद ऐकू येतो: "एफ-२५० आणि मागे प्रत्येक बाजूला एकच चाक असलेला एफ-३५० यांच्यात फरकच किती, मागचे पाटे आणि ठोकळे बदलले की झालं." यात तथ्य आहे. बऱ्याच एफ-२५० वर नेमका १०,००० पाउंडांचा आकडा दिसतो, कारण त्याच्या वर गेलं की ट्रकचा कायदेशीर वर्ग बदलतो. यंत्र म्हणून त्यातले काही ट्रक थोडं जास्त पेलतीलही. पण अपघात झाला, विमा कंपनीचा माणूस आला, की तो दाराचं स्टिकर वाचणार. ट्रक अजून घेतलेला नसेल तर सुरुवातीलाच एक टनी (एफ-३५० च्या वर्गातला) घ्या, किमतीतला फरक त्या मानाने फार नसतो.

मग सस्पेन्शनला हात लावायचाच कशाला?

कारण वजन मर्यादेत असलं तरी कॅम्पर हा विचित्र भार आहे. तेवढ्याच वजनाची खडी हौद्यात भरली तर तिचा भार खाली बसतो. कॅम्पर उंच असतो, वारा धरतो, आणि चोवीस तास अंगावर असतो. कारखान्यातून आलेले पाटे रिकाम्या गाडीलाही बऱ्यापैकी आराम मिळावा अशा बेताने बनवलेले असतात.

तक्रार नेमकी कोणती आहे ते आधी ओळखा. गाडी मागून बसते, डावीउजवीकडे डोलते, खड्ड्यानंतर दोनतीनदा उसळते, की खड्ड्यात ॲक्सल चेसिसवर आपटतो? चार तक्रारी, चार वेगळे इलाज. लोक डोलण्यावर एअरबॅग लावतात आणि बसण्यावर शॉकअप बदलतात, मग पैसे वाया गेले म्हणून कुरकुरतात.

गाडी मागून बसते. एअरबॅग घेऊ का?

बहुतेकांसाठी हाच पहिला आणि पुरेसा इलाज. अपघातात उघडणाऱ्या एअरबॅगशी याचा संबंध नाही. हे ॲक्सल आणि चेसिसच्या मध्ये बसणारे जाड रबरी फुगे. एअर लिफ्ट आणि फायरस्टोन ही दोन नावं जास्त दिसतात. कॅम्पर चढवला की हवा भरायची, उतरवला की कमी करायची. रिकामा ट्रक ऑफिसलाही नेणाऱ्यांना याचा मोठा फायदा, कारण रोजची गाडी कडक होत नाही.

बसवताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. दोन्ही बाजूंच्या हवेच्या नळ्या वेगळ्या ठेवा, मध्ये टी आकाराचा सांधा टाकून जोडू नका. जोडल्या तर वळणावर दाबलेल्या फुग्यातली हवा दुसऱ्यात पळते आणि गाडी आणखी झुकते. नळ्या वेगळ्या असल्या की दुसराही फायदा होतो: कॅम्परमध्ये फ्रिज, शेगडी, पाण्याची टाकी एकाच बाजूला असेल तर त्या बाजूला दहा-पंधरा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा जास्त भरून गाडी सरळ करता येते. दुसरं, एक्झॉस्टच्या बाजूचा फुगा उष्णतेपासून वाचवायला पत्र्याचं कवच किटमध्ये येतं, ते कंटाळा करून टाकून देऊ नका. तिसरं, नळी कापताना धारदार पात्याने काटकोनात कापा. कात्रीने चेपून कापलेलं टोक फिटिंगमध्ये नीट बसत नाही, आणि रात्रभरात दाब उतरतो. जोडल्यावर प्रत्येक सांध्यावर भांड्यांच्या साबणाचं पाणी ब्रशने लावा. बारीक बुडबुड्यांची साखळी निघत असेल तर तो सांधा सोडवून नळी पुन्हा कापायची, नट आवळत बसायचं नाही.

हवा किती भरायची?

रिकाम्या गाडीतही निदान ५ पीएसआय ठेवा, नाहीतर फुगा घड्या पडून स्वतःलाच घासतो. वरची मर्यादा बहुतेक किटची १०० असते, पण तिथवर जायची वेळ आली तर गडबड वजनातच आहे.

कॅम्पर चढवण्याआधी चारही चाकांच्या कमानीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. कॅम्पर चढवल्यावर पुढची चाकं पूर्वीच्याच उंचीला आणि मागची पुढच्यापेक्षा किंचित उंच आली की थांबा. मागचा भाग रिकाम्या गाडीइतका वर न्यायचा हट्ट धरू नका. हवा जास्त झाली की पाटे निवांत पडतात, सगळा भार फुग्यावर येतो, आणि गाडी डोलायला लागते.

डोलणं कशाने थांबतं?

हायवेवर शेजारून अठराचाकी गेला की आधी बाहेर ढकलल्यासारखं आणि मग आत ओढल्यासारखं होतं, ती ही तक्रार. खरा त्रास याचाच असतो, कारण मागून बसलेली गाडी निदान भीती घालत नाही.

दोन इलाज आहेत. पहिला, बऱ्याच ट्रकना पाट्यांच्या वर किंवा खाली ओव्हरलोडचा जाड पाटा कारखान्यातूनच असतो, पण गाडी बरीच बसेपर्यंत तो कामालाच लागत नाही. टॉर्कलिफ्ट कंपनीचे स्टेबललोड्स नावाचे ठोकळे मधली फट भरून त्या पाट्याला आधीच कामाला लावतात. नवी स्प्रिंग आणायची नाही, आहे तीच वेळेवर उठवायची. खालच्या पाट्याला लागणारा एक प्रकार तर गरज नसेल तेव्हा फिरवून सोडवताही येतो.

दुसरा, मागचा स्वे बार, म्हणजे गाडीचं डावीउजवीकडे झुकणं रोखणारा पोलादी दांडा. हेलविगसारख्या कंपन्या कारखान्यापेक्षा जाड बार देतात. काही पिकअपना मागे स्वे बार मुळात नसतोच, त्यांना याचा फरक पहिल्याच वळणावर जाणवतो. माझं मत विचाराल तर उंच, पक्क्या भिंतींचा कॅम्पर असेल तर एअरबॅगच्या आधी स्टेबललोड्स आणि स्वे बार. छत खाली दाबून बसवता येणारा हलका पॉप-अप असेल तर कदाचित दोन्हीची गरज पडणार नाही.

आणि हो, काहीही विकत घेण्याआधी टायरची हवा बघा. निम्म्या डोलण्याचं मूळ तिथेच सापडतं.

टायरमध्ये काय बघायचं?

भार सगळ्यात शेवटी जमिनीवर टायरच देतो. हाफ टन ट्रकवर अनेकदा पी अक्षराने सुरू होणारे, म्हणजे प्रवासी गाड्यांचे टायर असतात. पिकअपवर लावताना त्यांच्या क्षमतेला १.१० ने भागायचं असतं, हे त्यांच्या कडेला लिहिलेलं नसतं. कॅम्परसाठी एलटी (हलक्या ट्रकचे) टायर, लोड रेंज ई (भार पेलण्याचा वर्ग), हेच घ्या. उदाहरणार्थ एलटी २४५/७५ आर१७ ई, ८० पीएसआयला एक टायर ३,१९५ पाउंड पेलतो. मागे दोन, म्हणजे ६,३९०. हा आकडा ॲक्सलवरच्या खऱ्या वजनाशी ताडून बघा.

८० चा आकडा थंड टायरसाठी आहे. रिम किती वजनाची आणि किती दाबाची आहे तेही बघा. दिखाऊ रिमांची क्षमता कधीकधी टायरपेक्षा कमी असते.

टिंब्रेन, सुमोस्प्रिंग्ज हे काय आहे?

ॲक्सल आपटू नये म्हणून चेसिसवर जो रबरी बंपर असतो, त्याच्या जागी बसणारे पोकळ रबराचे किंवा फोमसारख्या पदार्थाचे ठोकळे. हवा नाही, नळी नाही, गळती नाही, देखभाल जवळजवळ शून्य. खड्ड्यात आपटण्यावर उत्तम, बसण्यावर बऱ्यापैकी. दाब कमीजास्त करता येत नाही, एवढी एकच मर्यादा. कॅम्पर वर्षभर अंगावरच असेल आणि तुम्हाला गाडीखाली घुसायची हौस नसेल, तर हेच घ्या.

पाटा वाढवला तर?

कॅम्पर कधीच उतरणार नसेल तर हा सगळ्यात प्रामाणिक मार्ग. भार पाट्यावरच राहतो, आणि पाटा तो आपल्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन टोकांतून चेसिसला देतो. एअरबॅग सगळा भार चेसिसच्या एकाच जागी देते. मागच्या लांब भागावर जड कॅम्पर आणि शिवाय मागे ट्रेलर, अशा गाड्यांच्या चेसिस तिथेच वाकतात.

सुटा जादा पाटा स्वस्त पडतो, पण जुन्या थकलेल्या पाट्यांत एक नवा कडक पाटा घातला की सगळा भार तोच घेतो. परवडत असेल तर पूर्ण संच नवा बनवून घ्या. कोलोरॅडोत ग्रँड जंक्शनला अल्कन स्प्रिंगसारखे कारखाने तुमचं खरं वजन विचारून त्या मापाने कमानपाटे बनवतात. मात्र कॅम्पर उतरवल्यावर हीच गाडी मागून खडखडणार, याची तयारी ठेवा. यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) नवे घ्यायचे, जुने पुन्हा वापरायचे नाहीत.

शॉकअप बदलून काही होतं का?

भार उचलायला काडीची मदत नाही. उसळणं थांबतं. चाळीस-पन्नास हजार मैल झालेले मूळ शॉकअप कॅम्परखाली हमखास दम टाकतात. रँचो ९००० मध्ये नऊ टप्प्यांचं बटण असतं, कॅम्पर असताना कडक आणि नसताना मऊ करता येतो. बिल्स्टाइन ४६००ही चांगले.

माझ्या ट्रकला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहे.

रॅम १५०० ला २००९ पासून, रॅम २५०० ला २०१४ पासून आणि टोयोटा टुंड्राला २०२२ पासून मागे कॉइल आहे. चालायला छान. स्टेबललोड्स इथे बसवता येत नाहीत. कॉइलच्या आत किंवा शेजारी बसणाऱ्या एअरबॅग आणि स्वे बार, एवढेच पर्याय उरतात. जड कॅम्परसाठी रॅमच घ्यायचा ठरलाच असेल तर ३५०० बघा, त्याला पाटे आहेत.

सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीचा बाण कॅम्परवर असतो. तो कशासाठी?

हा बाण अनेकजण बघतच नाहीत, आणि नंतर स्टिअरिंग हलकं लागतं म्हणून स्प्रिंगला दोष देतात. तो मागच्या ॲक्सलच्या वर किंवा थोडा पुढे आला पाहिजे. ट्रकच्या पुस्तिकेतही कॅम्परचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठून कुठवर चालेल याची आकृती असते. अमेरिकेत ती माहिती देणं कंपनीवर बंधनकारक आहे.

बाण मागे गेला तर काय होतं, ते गणिताने बघा. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) १६० इंच, भार ३,००० पाउंड, आणि तो ॲक्सलच्या १६ इंच मागे. मागच्या ॲक्सलवर ३,३०० पाउंड पडतात आणि पुढचा ॲक्सल ३०० पाउंडांनी हलका होतो. ते ३०० पाउंड कुठलीही एअरबॅग पुढे परत आणत नाही. गाडी समतल दिसेल, पुढची चाकं मात्र ओल्या रस्त्यावर हलकीच राहतील. लांब हौद्यासाठी बनवलेला कॅम्पर आखूड हौद्यात घालू नये तो याचसाठी.

खरं वजन कुठे करायचं?

हायवेवरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात, पंधरा डॉलरच्या आसपास काम होतं. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या प्लेटवर येतील अशी गाडी उभी करायची, बटण दाबून माणसाशी बोलायचं, किंवा फोनवरच्या ॲपवरून पावती घ्यायची. आधी रिकामी गाडी, मग पाण्याची टाकी, गॅस आणि घरची सगळी माणसं यांच्यासकट.

वरच्याच उदाहरणात पावती अशी येईल: रिकामी गाडी पुढे ४,०५०, मागे २,९००. भरलेली पुढे ४,२८०, मागे ६,१६५, एकूण १०,४४५. मागच्या ॲक्सलची मर्यादा समजा ६,३४०. म्हणजे ॲक्सल आत, टायर आत, पण एकूण वजन ४४५ पाउंड बाहेर. अशा वेळी दुकानात जायचं नाही. घरून निघताना टाकीत ३० ऐवजी ५ गॅलन पाणी ठेवलं की २०० पाउंड जागच्या जागी उतरतात, मुक्कामी पोचल्यावर भरा. मग सामानाकडे वळा.

हे सगळं घरी बसवता येतं का?

एअरबॅग आणि स्टेबललोड्स घरी बसतात, एक शनिवार लागतो. जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड लावाच. पाट्यांचं काम मात्र गॅरेजला द्या. सेंटर बोल्ट काढताना दाबलेले पाटे उसळतात, हौसेने करायचं काम ते नाही.

उतारावर वेगळं काही?

सस्पेन्शन कितीही सुधारलं तरी ब्रेक तापायचे ते तापतातच. कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांवर आहे आणि दोन्ही बाजूंना सहा-सात टक्क्यांचा लांबलचक उतार. आपल्या खंडाळ्याच्या घाटाची सवय असलेल्यांना वळणांची भीती वाटत नाही, पण इथे रस्ता सरळ आणि वेग जास्त. टो-हॉल मोड (जड भारासाठीची गिअरची सेटिंग) ट्रेलर नसतानाही लावा, गिअर खाली राहतो आणि पाय ब्रेकवरून निघतो. रात्री निघणार असाल तर हेडलाइटचा कोनही तपासा, मागून दोन इंच बसलेली गाडी समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश मारते.

भारतात असा कॅम्पर बनवता येईल का? गावाकडे पिकअप आहे.

वजन पेलणारी गाडी आहे: टाटा योद्धा २.० दोन टन पेलोडची. अडचण कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट ठामपणे सांगितली. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्यामुळे घरच्या पिकअपवर परस्पर खोली बांधायची मुभा मिळत नाही. आधी आरटीओत विचारा, पाटे वाढवायचं नंतर बघू.

बसवून झाल्यावर काय काय तपासत राहायचं?

पहिल्या शंभर मैलांनंतर यू-बोल्ट आणि स्वे बारचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, आकडा किटच्या कागदावर असतो. कॅम्पर बांधलेल्या टर्नबकल पहिल्या दिवशी प्रत्येक डिझेल-पेट्रोलच्या थांब्यावर हाताने हलवून बघा, रबरी चटई दबली की त्या सैल होतात. एअरबॅगचा दाब सकाळी निघण्याआधी बघा. एका बाजूचा दाब रोज उतरत असेल तर त्याच बाजूच्या सांध्याला साबण लावायचा. थंडी पडली की दोन्हीकडचा थोडा उतरतो, त्याला गळती समजू नका. आणि दिवाळीनंतर कॅम्पर उतरवून ठेवलात की हवा ५ पीएसआयवर आणायला विसरू नका, नाहीतर सोमवारी ऑफिसच्या वाटेवर मागची सीट मणके मोजते.